अपरांताच्या पाण्याचें माप

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पाऊस मोजण्याची एक पद्धत सांगितली आहे. कोष्ठागारापाशीं एक अरत्नि, म्हणजे सुमारें हातभर, रुंद तोंडाचें कुंड ठेवावें व त्यांत सांचलेल्या पाण्यावरून पावसाचें मान ठरवावें, अशी ती पद्धत. पुढें त्याच ग्रंथांत कोणत्या प्रदेशांत किती पाऊस पडतो याचीं मानें दिलीं आहेत. जांगल प्रदेशास १६ द्रोण, अवंतीस २३ द्रोण अशी यादी देतां देतां ग्रंथकार अपरांतापर्यंत येतो, आणि तेथें मात्र तो आंकडा देत नाहीं. अपरांताचा पाऊस ‘अमित’, म्हणजे ज्यास मापच नाहीं असा, एवढेंच सांगून तो पुढें जातो. अपरांत म्हणजे कोंकण. विशेषतः त्याचा उत्तर भाग. तेथील प्राचीन नगर शूर्पारक म्हणजेच आजचें नालासोपारें. तें १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आलेल्या पालघर जिल्ह्यांत मोडतें.

ज्या प्रदेशास शास्त्रकारानें अमित म्हणून सोडून दिलें, त्याच प्रदेशांत आज पाणी काटेकोरपणें मोजण्याची गरज उत्पन्न झाली आहे, हा काळाचा महिमा होय. पाऊस आटला आहे असें नव्हे. आषाढ-श्रावणांत डहाणू-तलासरीच्या बाजूस जाणाऱ्या कोणासहि अमित या शब्दाची सत्यता अजून पटेल. परंतु वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि चैत्र-वैशाखांत त्याच डोंगरउतारांवरील पाड्यांतून बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठीं पायपीट करीत असतात. पाणी अमित आहे, या समजुतीनेंच आपण त्याचा हिशेब ठेवीत नाहीं. आणि ज्याचा हिशेब नाहीं त्या धनाचें जें होतें तेंच पाण्याचें होतें. जो बलवान् तो नेतो, आणि दुर्बळास आपलें काय गेलें हें सांगतांहि येत नाहीं.

हा हिशेब कसा ठेवतात, तो ठेवणाऱ्या केंद्रांत काय चालतें, आणि त्याचा आपल्या घरांतील नळाशीं काय संबंध पोंचतो, हें आमच्या वाचकांस सांगावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम या मुलखाची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. पूर्वेस सह्याद्रीचे फांटे, वारली बांधवांचे पाडे, भातखाचरें आणि जंगल. पश्चिमेस डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या आणि समुद्र. मधलें अंतर थोडें. सूर्या नदी जव्हारच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावते व विक्रमगड, डहाणू आणि पालघर या तालुक्यांतून वाहत वैतरणेस मिळते. ही वैतरणा त्र्यंबकेश्वराच्या परिसरांत, म्हणजे गोदावरीच्या शेजारींच, उगम पावून उलट दिशेस, पश्चिम समुद्राकडे, येणारी. तलासरीच्या बाजूची वरोली नदी गुजरातेंत शिरून उंबरगांवाकडे समुद्रास मिळते. या सर्व नद्या आंखूड आणि उतावळ्या. डोंगरांत पडलेला पाऊस कांहीं तासांतच खाडीस जाऊन मिळतो. गंगा-गोदावरीसारख्या दीर्घ नद्यांचा पूर येतांना चार दिवस आधीं वर्दी देतो. येथें तेवढी सवड नसते. म्हणून अशा नद्यांवर मोजणी करणाऱ्यास डोळ्यांत तेल घालून बसावें लागतें.

प्रवाहमापनाचें केंद्र वाटेल तेथें स्थापन करतां येत नाहीं. नदीचा तो भाग सरळ असावा, कांठ भक्कम असावेत, तळ वरचेवर बदलणारा नसावा, आणि जवळपास दुसरा ओहोळ येऊन मिळत नसावा. शिवाय भरतीचें पाणी जेथपर्यंत आंत शिरतें त्याच्या वर तें केंद्र असलें पाहिजे. नाहींतर समुद्रच नदीस मागें रेटीत असतो, आणि पातळी वाढलेली दिसली तरी प्रवाह वाढलेला नसतो. किनाऱ्यालगतच्या या मुलखांत ही दक्षता फार महत्त्वाची आहे. वैतरणेवर दुर्वेस येथें केंद्रीय जल आयोगाचें असें केंद्र आहे. हा आयोग १९४५ सालीं, नांव निराळें असलें तरी, याच कामाचा पाया घालण्यासाठीं निर्माण झाला.

केंद्रावरील सर्वांत साधें उपकरण म्हणजे मापपट्टी. मीटर व सेंटिमीटर यांच्या खुणा असलेली ही पट्टी नदीच्या कांठावर खांबास पक्की बसविलेली असते. कांठ उतरता असल्यास एकीखालीं एक अशा पट्ट्या पायऱ्यांसारख्या उभ्या करतात, म्हणजे उन्हाळ्यांतील तळचें पाणी आणि पुराचें पाणी हीं दोन्ही वाचतां येतात. रोज सकाळीं आठ वाजतां निरीक्षक ती पट्टी वाचतो व वहींत लिहितो. पूर चढूं लागला म्हणजे हेंच काम तासातासाला, रात्रीं कंदील अगर विजेरी घेऊन करावें लागतें. अलीकडे पुलांवर रडारचीं यंत्रें बसवून पातळीचा आंकडा आपोआप दूरच्या कचेरींत पोंचविण्याची व्यवस्था अनेक ठिकाणीं झाली आहे, आणि २०१६ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पानें या कामास वेग आला आहे. तथापि यंत्र खरें बोलतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं शेवटीं त्या साध्या पट्टीकडेच जावें लागतें.

परंतु पातळी म्हणजे प्रवाह नव्हे. पट्टी पाणी किती उंच आहे हें सांगते. किती पाणी वाहून गेलें हें सांगत नाहीं. तें जाणण्यास दोन गोष्टी लागतात: पाण्याच्या आडव्या छेदाचें क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग. या दोहोंचा गुणाकार म्हणजे विसर्ग, म्हणजे दर सेकंदास त्या जागेवरून जाणारें पाणी. कांठाजवळ पाणी संथ व उथळ असतें, मध्यें तें वेगवान् व खोल असतें. म्हणून एका ठिकाणीं मोजून भागत नाहीं. नदीच्या रुंदीचे १५ ते २५ भाग पाडतात, प्रत्येक भागांत खोली व वेग निराळा मोजतात, आणि शेवटीं सगळ्या भागांची बेरीज करतात. एखादा भाग २ मीटर रुंद, दीड मीटर खोल, आणि तेथील वेग सेकंदास ०.८ मीटर असेल, तर त्या एका भागांतून सेकंदास २.४ घनमीटर पाणी जातें. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. गृहिणींच्या भाषेंत, दहा लिटर धरणाऱ्या शंभर कळशा.

वेग मोजण्याचें यंत्र मोठें मौजेचें असतें. एका आंसाभोवतीं लहान लहान वाट्या बसविलेल्या असतात. पाण्याच्या जोरानें त्या फिरतात, आणि ठराविक वेळांत किती फेरे झाले हें मोजून वेग काढतात. उथळ पाण्यांत माणूस स्वतः उतरून तें धरतो. पाणी मोठें असल्यास पुलावरून, नावेंतून किंवा दोरखंडावरील पाळण्यांतून तें सोडतात. पाण्याचा वेग पृष्ठभागीं अधिक आणि तळाशीं घर्षणामुळें कमी असतो. सरासरी वेग पृष्ठापासून सुमारें सहा दशांश खोलीवर सांपडतो, असा अनुभव आहे. म्हणून उथळ पाण्यांत त्या खोलीवर, आणि खोल पाण्यांत दोन दशांश व आठ दशांश अशा दोन खोल्यांवर यंत्र धरतात. या यंत्रांचीहि परीक्षा व्हावी लागते. पुण्याजवळ खडकवासला येथील, १९१६ सालीं सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान संस्थेंत तीं स्थिर पाण्याच्या लांब हौदांतून ठराविक वेगानें ओढून तपासतां येतात. सोनाराच्या तराजूसहि कोणीतरी तपासणारा लागतो, त्यांतलाच हा प्रकार.

इतकी खटपट दर तासाला करणें शक्य नाहीं. म्हणून निरनिराळ्या पातळींस विसर्ग मोजून त्यांचा एक आलेख तयार करतात. या पातळीस इतका विसर्ग, असें एकदां ठरलें म्हणजे पुढें नुसती पट्टी वाचून विसर्ग काढतां येतो. पण हा आलेख कायमचा नसतो. एका मोठ्या पुरानें तळ खरवडून निघतो किंवा नवी वाळू सांचते. कोणी वाळू उपसून नेतो. आणि मग तीच पातळी निराळें पाणी दाखवूं लागते. म्हणून मोजणी पुन्हां पुन्हां करावी लागते. मागील वर्षाच्या आलेखावर विसंबून राहणें म्हणजे जुन्या भावानें नवा बाजार करण्यासारखें आहे.

आमच्या बालवाचकांस याचा प्रयोग स्वतः करून पाहतां येईल. दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, वडील माणसांस बरोबर घेऊन गुडघ्याखालीं पाणी असलेल्या एखाद्या ओढ्यावर जावें. सरळ अशी दहा मीटर लांबी मोजून दोन्ही टोकांस खुणा कराव्या. वरच्या खुणेपाशीं एक संत्रें पाण्यांत सोडावें आणि तें खालच्या खुणेस पोंचण्यास किती सेकंद लागतात हें पाहावें. समजा, २० सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदास अर्धा मीटर. तळाचें पाणी सावकाश जातें म्हणून या वेगास ०.८५ नें गुणावें; ०.४२५ येतील. ओढा ३ मीटर रुंद आणि सरासरी २० सेंटिमीटर खोल असेल, तर छेदाचें क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर. गुणाकार करतां सेकंदास सुमारें २५५ लिटर, म्हणजे पंचवीस कळशांहून थोडें अधिक, असें उत्तर येतें. तोच प्रयोग त्याच जागीं माघांत व चैत्रांत करावा आणि तिन्ही आंकडे वहींत शेजारींशेजारीं लिहावे. त्या तीन आंकड्यांत जें ज्ञान आहे तें पुस्तकाच्या तीस पानांत मिळणार नाहीं. पावसाळ्यांत मात्र या प्रयोगाच्या वाटेस मुळींच जाऊं नये.

आतां पाण्याच्या गुणांकडे वळूं. किती पाणी, इतकेंच पाहून पुरत नाहीं. कसें पाणी, हेंहि पाहावें लागतें. केंद्रावर पाण्याची उष्णता, आम्लता व विद्युद्वाहकता मोजतात. वाहकता वाढली म्हणजे विरघळलेले क्षार वाढले असें समजावें. समुद्रकांठच्या मुलखांत ही खूण विशेष उपयोगाची असते. गाळ मोजण्यासाठीं विशिष्ट खोलीवर बाटली उतरवून पाणी घेतात आणि तें गाळून, वाळवून, तोलतात. जंगल तुटलें कीं या गाळाचें वजन वाढतें. पण सर्वांत महत्त्वाची परीक्षा पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूची. २५ अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत लिटरमागें सुमारें सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. मासे त्यावरच जगतात. विंक्लर या हंगेरियन रसायनज्ञानें १८८८ सालीं तो मोजण्याची जी युक्ति काढली, ती अद्याप प्रमाण मानतात: नदीकांठींच बाटलींत दोन द्रव्यें घालून प्राणवायूस जणूं बांधून टाकावयाचें, आणि मग शेवटीं खळीचे थेंब टाकून आलेला निळा रंग नाहींसा होईपर्यंत दुसरें द्रव्य मोजून ओतावयाचें. ही बांधाबांध कांठावरच करावी लागते. बाटली तशीच घेऊन घरीं गेल्यास वाटेंतच प्राणवायूचें प्रमाण बदलतें.

त्याच पाण्याची दुसरी बाटली २७ अंश उष्णतेंत तीन दिवस अंधारांत ठेवतात आणि तेवढ्या अवधींत सूक्ष्म जीवांनीं किती प्राणवायु खाल्ला हें पाहतात. जितकी घाण अधिक तितकी त्यांची भूक अधिक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीप्रमाणें, नुसतें निर्जंतुक करून पिण्याजोग्या पाण्यांत प्राणवायु लिटरमागें ६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ही भूक २ मिलिग्रॅम किंवा कमी, आणि कोलिफॉर्म जातीचे जंतु १०० मिलिलिटरांत ५० पेक्षां अधिक नसावे. डोळ्यांस स्फटिकासारखें दिसणारें पाणी या परीक्षेंत नापास होऊं शकतें. आपल्याकडे पूर्वापार पाणी गाळून, उकळून घेण्याची रीत आहे, ती या दृष्टीनें शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

प्रवाह आणि गुण यांचें मापन एकाच ठिकाणीं कां करावें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर साध्या हिशेबांत आहे. सेकंदास २ घनमीटर पाणी वाहत असतां एखादें दूषित द्रव्य लिटरमागें १० मिलिग्रॅम सांपडलें, तर सेकंदास २० ग्रॅम, म्हणजे दिवसास १७२८ किलोग्रॅम द्रव्य नदींतून जात आहे. पावसाळ्यांत तेंच द्रव्य २०० घनमीटर पाण्यांत मिसळलें कीं लिटरमागें अवघें ०.१ मिलिग्रॅम भरेल, आणि नुसत्या गुणांचा आंकडा पाहणारा म्हणेल कीं नदी शुद्ध झाली. घाण टाकणाऱ्यानें एक कणहि कमी केलेला नसतो. नदीनें ती आपल्या ओटींत लपविलेली असते. उलट, वैशाखांत घाण तेवढीच असून प्रवाह आटल्यामुळें तिचें विष होतें. धरणांतून खालीं किती पाणी सोडावें, या प्रश्नाचा नदीच्या शुद्धतेशीं असा निकटचा संबंध आहे.

आणि येथेंच आपल्या घरांतील नळाचा प्रश्न येतो. सूर्या नदीवरील धामणी धरणाचा उपयुक्त सांठा सुमारें २७६ दशलक्ष घनमीटर आहे. डहाणू, विक्रमगड व पालघर या तालुक्यांतील शेतीस पाणी मिळावें हा त्या प्रकल्पाचा मूळ हेतु होता. पुढें शहरें वाढलीं, तहान वाढली, आणि या पाण्यापैकीं दररोज ४०३ दशलक्ष लिटर, म्हणजे वसई-विरारसाठीं १८५ व मीरा-भाईंदरसाठीं २१८, नेण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें हातीं घेतली. याशिवाय आधींच्या योजना व कारखाने यांचें पाणी निराळें. ४०३ दशलक्ष लिटर ऐकून कोणाचीच कल्पना पोंचत नाहीं. पण प्रवाहाच्या भाषेंत सांगावयाचें तर तो सेकंदास सुमारें ४.६६ घनमीटर, म्हणजे दर सेकंदास ४६६ कळशा, रात्रंदिन वर्षभर. वर्षाची बेरीज १४७ दशलक्ष घनमीटर होते. धरणाच्या उपयुक्त सांठ्याच्या निम्म्याहून अधिक.

आमचे कित्येक वाचक वसई, विरार व भाईंदर येथें राहतात. शहरांतील माणसानें तहानलेलें राहावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्यांच्या जमिनी धरणाखालीं गेल्या, ज्यांनीं कालव्याच्या आशेवर दिवस काढले, त्या शेतकऱ्यांनीं व आदिवासींनीं या योजनेस हरकत घेतली, तीहि अकारण नव्हती. हा वाद घोषणांनीं मिटणारा नाहीं, आणि कोणाच्या उदारतेवरहि तो सोडून देतां येणार नाहीं. धरणांत किती आलें, कालव्यांत किती गेलें, नळांत किती गेलें, आणि नदीच्या स्वतःच्या पात्रांत काय उरलें, हे चार आंकडे रोजच्या रोज खरे व सर्वांस उघड असतील तरच त्या दोन पक्षांस समोरासमोर बसून बोलतां येईल. कैरो येथें नाईल नदीच्या रोडा बेटावर ८६१ सालीं बांधलेला पाणीमापक स्तंभ अद्याप उभा आहे. पाणी किती चढलें यावरून त्या वर्षाचा सारा ठरे. माप दगडावर कोरलेलें असलें म्हणजे तें राजासहि बांधून ठेवतें आणि रयतेसहि.

डहाणूच्या बाबतींत या मापास आणखीहि एक कारण आहे. २० जून १९९१ रोजीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि कोणते उद्योग तेथें येऊं द्यावे यावर मर्यादा घातली. त्या आज्ञेची अंमलबजावणी होते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९९६ च्या डिसेंबरांत एक प्राधिकरण नेमलें गेलें. न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांनीं दीर्घकाळ त्याचें अध्यक्षपद भूषविलें. शेजारच्या पालघर तालुक्यांतील तारापूरची औद्योगिक वसाहत मात्र देशांतील अति-प्रदूषित वसाहतींत मोडते. एका तालुक्याच्या शिवेवर दोन निराळीं भवितव्यें अशीं शेजारींशेजारीं उभीं आहेत. कायद्यानें नाजूक ठरविलेला प्रदेश खरोखर सुरक्षित राहिला कीं नाहीं, हें न्यायालयांत भावनेनें सिद्ध होत नाहीं. तेथें विचारतात, पूर्वी काय होतें आणि आतां काय आहे? या प्रश्नांतील ‘पूर्वी’ हा शब्द ज्याच्या वहींत लिहिलेला असेल त्याचीच बाजू टिकते. नदी दूषित झाल्यावर मोजावयास लागलें तर ती निर्मळ होती याचा पुरावा कोठून आणणार?

म्हणून या कामाचें मोल एका दिवसाच्या आंकड्यांत नसून त्याच्या सातत्यांत आहे. एक दिवसाची नोंद म्हणजे कुतूहल. तीस वर्षांची अखंड नोंद म्हणजे पुरावा. मध्येंच एक पावसाळा चुकला, किंवा पट्टीपर्यंत जाण्याचा कंटाळा करून कालचाच आंकडा आज उतरविला, तर तो खोटेपणा त्या क्षणीं कोणास दिसत नाहीं. पण पुढें त्यावर पूल बांधतात, पुराच्या सूचना देतात, गांवें हलवितात आणि पाण्याचे वाटे ठरवितात. भर पावसांत नदीकांठीं एकटा उभा राहून खरा आंकडा लिहिणारा निरीक्षक कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि त्याचें नांव वर्तमानपत्रांत येत नाहीं. तरी आपल्या नळाचा न्याय त्याच्या पेन्सिलीवर अवलंबून आहे.

आपल्या घरांतून रोजमेळ लिहिण्याची चाल आहे. आजोबांच्या हातचीं जुनीं पानें पाहिलीं तर कोणत्या सालीं तांदूळ काय भावानें आला हें अजून सांपडतें. त्याच रोजमेळांत पाण्यासहि एक रकाना असावा. घराच्या गच्चीवर किंवा अंगणांत साधें पर्जन्यमापक ठेवावें, त्याचा आंकडा मुलांकडून रोज सकाळीं लिहवावा. विहीर असल्यास दर महिन्याच्या पहिल्या तारखेस दोरीनें पाण्याची खोली मोजावी. आणि नळाचें पाणी कोणत्या नदीचें, तें कोणाच्या शिवारांतून येतें, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. जें कुटुंब आपल्या पाण्याचा हिशेब ठेवतें, तें दुसऱ्याच्या पाण्याचा हिशेब मागण्यास आणि आपला हिशेब दाखविण्यास दोहोंसहि पात्र ठरतें. अपरांताचें पाणी आतां अमित राहिलेलें नाहीं. तें मोजून, खरें लिहून आणि वांटून घेण्यांतच तेथील व येथील, दोघांचेंहि हित आहे.